डोळे मिटून झेलायचं

दिनानाथनानांच्या काही सवयी मी एका वहीत लिहून ठेवल्या होत्या. कशासाठी, ते तेव्हा माहीत नव्हतं.

चहा बशीत ओतायचा, फुंकून गार करायचा, परत कपात ओतायचा आणि कपातून प्यायचा.

रहस्यकथेचं पुस्तक शेवटच्या पानापासून सुरू करायचं. खुनी कळला की समाधानानं पहिलं पान उघडायचं.

एसटीत जागा असली तरी उभं राहायचं. बसलं की झोप लागते आणि झोप लागली की चौल मागे जाऊन रेवदंडा येतं.

घरातून निघताना घरात कुणी नसलं तरी दाराला सांगायचं, "येतो."

चप्पल डावी आधी काढायची, उजवी आधी घालायची. विचारलं तर म्हणायचं, "तिलाबी कधी पुढं जाऊ दे."

कुणाच्याही हातातून काही घ्यायचं नाही. हात पुढे केला की म्हणायचं, "टाक."

ही शेवटची सवय नीट सांगायला हवी.

नाना चौलच्या नारळ-सुपारीच्या वाड्यांमध्ये सुपारी झेलत. आमच्याकडे पोफळीवर एक जण चढतो, वर घड कापतो आणि खाली सोडतो. खाली पाण्याचे पाट असतात, चिखल असतो. घड आपटला की सुपाऱ्या चौफेर उधळतात आणि दोन बायका अर्धा दिवस त्या वेचत बसतात. म्हणून खाली एक जण उभा राहतो. गोणपाटाची दोन टोकं गळ्यात बांधलेली, दोन हातांत. घड त्या झोळीत पडला पाहिजे. एवढंच काम. नानांनी ते एकतीस वर्षं केलं. वर त्यांचा मेहुणा सदा, खाली नाना. सदा एका पोफळीवरून झोका घेऊन दुसरीवर जायचा. घड कापला की सोडायचा. सांगायचा नाही. नाना तिथं असायचे.

घरीही तेच. जनीकाकू, म्हणजे नानांची बायको, चुलीपासून भाकरी फेकायच्या, नाना ताटात झेलायचे. कांदा, काडेपेटी, चाव्यांचा जुडगा, सगळं हवेतून. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा नानांनी साखरेचा डबा मागितला. तो माझ्या कानाजवळून गेला. झाकण नव्हतं. एक दाणा सांडला नाही.

मी तेव्हा एम.ए. करून गावी परतले होते आणि वाचनालयात पुस्तकं द्यायचं-घ्यायचं काम बघत होते. नाना मला "एमे" म्हणत. माझं नाव राही आहे हे त्यांना माहीत होतं. ते म्हणाले, "नाव काय, आईबाप ठेवतात. एमे तू सोताची झालीस." ते एकसष्ट वर्षांचे, मी चोवीस. आमची मैत्री कशी झाली ते मला सांगता येत नाही. पुस्तक मी टेबलावर ठेवायचे, ते म्हणायचे, "टाक." एकदा मी टाकलं. तेव्हाच झाली असावी.

या सवयीनं त्यांचं एक नुकसान केलं होतं. अकरा वर्षांपूर्वी सदाच्या मुलीचं लग्न होतं. मांडवात सदा नानांना मानाचा नारळ द्यायला आला. दोन्ही हातांत नारळ, वर टॉवेल-टोपी, मान खाली. सगळी पाहुणेमंडळी बघत होती. नाना म्हणाले, "टाक."

सदानं टाकला. तो तरी काय करणार, वीस वर्षांची सवय. नानांनी झेलला. मांडवात टाळ्या पडल्या. मग सदाच्या लक्षात आलं की आपण मान फेकला, आणि नानांच्या लक्षात आलं की आपण मान फेकायला सांगितला. तेव्हापासून दोघं बोलले नाहीत. सदा म्हणायचा, आधी त्यांनी बोलावं. नाना म्हणायचे, फेकला त्यानं. काम मात्र एक दिवस बंद पडलं नाही. चाळीस फुटांवर एक आणि खाली एक, मध्ये बोलायची गरजच नव्हती.

गेल्या वर्षी गणपती जाऊन आठ दिवस झाले होते. सकाळी नानांनी चहाच्या कपाकडे हात नेला. हात कपाच्या पलीकडे गेला आणि भिंतीला लागला.

जनीकाकूंना वाटलं, चहा नको असेल. त्यांनी भाकरी फेकली. ती नानांच्या छातीवर आपटून खाली पडली. नाना भाकरीकडे बघत बसले. जनीकाकू म्हणाल्या, "राग कसला आलाय ते तोंडानं सांगा."

राग नव्हता. मी संध्याकाळी गेले तेव्हा नाना तांब्याला हात लावायचा प्रयत्न करत होते. तांब्या समोर होता. हात त्याच्या डावीकडून जायचा, मग उजवीकडून.

"एमे, तांब्या हालतोय का?"

"नाही."

"मग मीच हालत आसंन."

ते हलत नव्हते. मी बघत होते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळे उत्तम आहेत. तरी एक चष्मा दिला. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हात उत्तम आहेत. तरी एक पट्टा दिला. नाना चष्मा आणि पट्टा लावून बसले आणि तांब्याला चुकत राहिले. लांबून येणाऱ्या एसटीची पाटी त्यांना माझ्या आधी वाचता यायची. शर्टाची बटणं न बघता पटापट लावता यायची. बघून लावायला गेले की बोट काखेत जायचं.

शेवटी अलिबागला एक नवीन डॉक्टरीणबाई आल्याचं कळलं. प्राप्ती नाव. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी आधी पनवेलला पाठवून डोक्याचे फोटो काढायला लावले. फोटो बघितले आणि हिरवी पेन्सिल नानांसमोर धरली.

"हे काय आहे, काका?"

"पेन्शिल. हिरवी. टोक मोडलंय. मागनं कुणीतरी चावलीय."

डॉक्टरीणबाईंनी पेन्सिल उलटी केली. "आता पकडा."

नानांचा हात चार बोटं बाजूनं गेला. दुसऱ्यांदा तीन बोटं. तिसऱ्यांदा त्यांनी डॉक्टरीणबाईंचं घड्याळ पकडलं.

"आता असं करा. पेन्सिल बघा. बघितली? डोळे मिटा. मनात पाच मोजा. मग जिथं होती तिथं हात न्या. डोळे उघडायचे नाहीत."

नानांनी डोळे मिटले. बाईंनी पेन्सिल काढून घेतली आणि त्या जागी आपलं बोट ठेवलं. नानांचे ओठ हलले. मग हात सरळ गेला आणि त्यांनी ते बोट धरलं. बरोबर. पहिल्याच झटक्यात.

बाईंनी पुन्हा केलं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. एकही चुकलं नाही. त्या बाहेर गेल्या आणि आणखी दोन डॉक्टरांना घेऊन आल्या. त्यांच्यासमोरही चुकलं नाही. त्यातल्या एकानं नानांना नमस्कार केला.

मग बाईंनी समजावून सांगितलं. डोक्यात मागच्या बाजूला, वरच्या अंगाला, एक जागा असते. डोळ्यांनी बघितलेली वस्तू हातानं धरायची असेल तर हात कुठं, किती, कसा न्यायचा, ते तिथं ठरतं. झटपट, आपल्याला न कळता. नानांच्या डोक्यात दोन्ही बाजूंना नेमक्या त्या जागेचं रक्त थोडा वेळ थांबलं होतं. झोपेत झालं असेल. वस्तू काय आहे ते ओळखायची जागा वेगळी, ती चांगली आहे. हात हलवायची जागाही चांगली आहे.

"मग डोळे मिटून कसं जमतं?" मी विचारलं.

"हात न्यायच्या आधी थोडं थांबलं की डोकं दुसऱ्या रस्त्यानं जातं. आठवणीच्या. तो रस्ता हळू आहे, पण काकांचा तो शाबूत आहे. सगळ्या पेशंटचं असं होत नाही. काहींचं होतं असं मी वाचलं होतं. बघितलं आज."

नाना विचार करत होते. "म्हंजे, बाई, जी वस्तू समोर हाय ती मला धरता येत न्हाय. आणि जी आत्ता होती ती येते."

"साधारण तसंच."

"डोळा आणि हात एकमेकाशी बोलत न्हायत."

"हो, तसं म्हणता येईल."

जनीकाकू पिशवी आवरत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजे हे आणि सदा."

घरी फेकणं बंद झालं. जनीकाकू वाढायच्या, नाना ताटाकडे बघायचे, डोळे मिटायचे, पाच मोजायचे, घास घ्यायचे. जेवण दीड तास चालायचं. बाहेरून कुणी आलं तर वाटायचं, प्रार्थना चाललीय. एकदा पाच मोजेपर्यंत मांजरानं ताटातला बोंबील नेला. हात बरोबर जागी गेला. बोंबील नव्हता. नाना डोळे न उघडता म्हणाले, "जने, माझा हात चुकला का बोंबील?"

"बोंबील."

"मग ठीक हाय."

एसटीत कंडक्टरनं तिकीट पुढं केलं की नाना तिकिटाकडे बघून डोळे मिटायचे. नवीन कंडक्टर घाबरायचा आणि तिकीट परत ओढायचा. नाना हवेतली मोकळी जागा अचूक पकडायचे. मी दोनदा त्यांच्याबरोबर होते. दोन्ही वेळा मी तिकिटं घेतली आणि खिडकीबाहेर बघितलं.

दिवाळी झाली. दिवाळीनंतर सुपारी सुरू होते.

बाबाजींच्या वाडीत चारशे पोफळी आहेत. नाना आणि सदा हल्ली तिथंच काम करत. बाबाजी सत्तरीचे, मऊ बोलणारे, शब्दाला पक्के. वाडीत खुर्ची टाकून बसायचे आणि चढणाऱ्याकडे बघत राहायचे. त्यांचा भाचा दिपेश वाशीला असतो. त्यानं हिरवं नायलॉनचं जाळं आणून दिलं. चार जणांनी चार कोपरे धरायचे, घड जाळ्यात पडतो. एका नानांच्या जागी चार माणसं लागणार होती, पण दिपेशचं म्हणणं होतं की ही आधुनिक पद्धत आहे.

बाबाजी नानांच्या घरी आले. संकोचून बसले.

"दिनानाथ, वरनं घड येतो. तुला दिसतो, पण तुझा हात दुसरीकडं जातो. एखादा डोक्यात बसला तर?"

"न्हाय बसणार."

"कशावरनं?"

"मला एकदा बघा. मग जाळं लावा."

मग बाबाजी म्हणाले, "वीस झाडं. ओळीनं. एकबी घड भुईला लागला न्हाय, तर तूच झेलायचं. लागला तर जाळं. वीस होईपर्यंत जाळं उघडायचं न्हाय, दिपेशला मी सांगतो."

ते गेल्यावर मी विचारलं, "नाना, एवढं कशाला? बसा की घरी."

"घरी बसून काय करू, एमे? पाच मोजू?"

त्यांनी ते हसत म्हटलं नाही.

अडचण साधी होती. पूर्वी घड सुटला की नाना तिकडे जायचे. आता पडता घड बघून हात न्यायचा तर तो चुकणार. म्हणून घड पडायच्या आधीच त्याची जागा बघून ठेवायची, डोळे मिटायचे, पाच मोजायचे, झोळी तिथं धरायची आणि मग घड सुटला पाहिजे. आधी नाही, फार नंतर नाही. म्हणजे सदानं कापलेला घड हातात धरून थांबायचं आणि कुणीतरी त्याला सांगायचं.

नानांच्या अंगणात एक पोफळ आहे. तिच्यावर सराव ठरला. सदा आला, बहिणीला "ताई, चढतो" म्हणाला आणि चढला. नानांकडे त्यानं बघितलंही नाही. नानांनी वर बघितलं, झोळी पसरली, डोळे मिटले.

"जने, सांग तुझ्या भावाला, सोड."

"सदा, हे म्हणतात सोड."

वरून आवाज आला, "ताई, इचार त्यांना, नक्की सोडू?"

"अहो, तो इचारतोय, नक्की?"

"नक्की म्हंजे? सोड म्हणून सांग!"

"सदा, सोड!"

"ताई, हे तू सांगतीस का ते सांगतात?"

"अरे मेल्या, मी कशाला सांगू? मला काय करायचाय घड?"

तोवर नानांचे पाचाचे पन्नास झाले होते. ते डोळे मिटल्या मिटल्या हळूहळू तुळशीकडे सरकत होते. घड आला आणि त्यांच्या मागच्या बादलीत पडला. बादली भरलेली होती. सगळे भिजलो.

जनीकाकूंनी पदरानं तोंड पुसलं. "तुम्ही दोघं मेलात तरी तेराव्याला माझ्याच तोंडून बोलाल."

सदा उतरला आणि घराला वळसा घालून निघून गेला, नानांसमोरून जायला नको म्हणून.

मी त्याच्या मागं गेले. सदा माणूस बरा आहे. म्हटलं, "सदामामा, तुम्हाला जाळं चालेल?"

तो थांबला. "जाळ्यावर सोडायचं म्हंजे पोरी, विहिरीत सोडल्यासारखं. खाली माणूस लागतो."

"मग त्यांच्याशी बोला."

"बोलतो की. आधी त्यांनी बोलावं."

परीक्षेचा दिवस बुधवारचा होता. सकाळी आठला सगळे जमलो. अकराच्या सुमाराला समुद्राचा वारा सुटतो आणि पोफळी डुलायला लागतात. त्याच्या आत वीस व्हायला हवी होती. बाबाजी खुर्चीत. दिपेश जाळ्याच्या गुंडाळीला टेकून. जनीकाकू पहिल्या पोफळीखाली, निरोप पोचवायला. मी पाटाच्या काठावर.

सदा चढला. घडाला कोयता लावला, कापला आणि घड हातात धरून थांबला. नानांनी वर बघितलं, बराच वेळ. झोळी पसरली. डोळे मिटले. ओठ हलले. जनीकाकूंनी वर निरोप द्यायला तोंड उघडलं.

"सोड," नाना म्हणाले.

हे त्यांनी जनीकाकूंना म्हटलं नव्हतं. तोंड वर होतं. वाडीत पाण्याचा आवाज तेवढा होता. अकरा वर्षांनंतरचा पहिला शब्द, आणि तो हा.

सदानं वरून बहिणीकडे बघितलं. जनीकाकूंनी तोंडावर पदर धरला आणि मान हलवली.

घड आला. धप्प. झोळीत.

नानांनी एक डोळा उघडला, झोळीत बघितलं, घड बाजूला ठेवायला गेले आणि दोनदा चुकले. तिसऱ्यांदा मी पुढं होऊन घेतला. बाबाजी म्हणाले, "एक."

दुसरं. सोड. धप्प. तिसरं. सोड. धप्प. मोजणी फक्त नानांना ऐकू येत होती. सातव्याला शेजारच्या वाडीतल्या बायका कुंपणाशी आल्या. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. नवव्याला त्या मोठ्यानं मोजायला लागल्या. "एक, दोन, तीन..."

नाना डोळे मिटूनच ओरडले, "गप बसा गो! माझे पाच वेगळे हायत."

बायका गप्प झाल्या. नववा घड आला. बाराव्याला झोळीच्या कडेवर पडला, गडगडला आणि आतच राहिला. दिपेश उठून उभा राहिला होता, तो परत बसला.

पंधराव्याला नाना म्हणाले, "सोड." वरून आलं, "सोडला."

आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. सदा पोफळीला मिठी मारून दुसरीकडे बघत होता.

सतराव्याला नाना म्हणाले, "सोड रे." वरून आलं, "घ्या."

एकोणिसाव्याला वरून आधीच आवाज आला. "भावोजी, पाय सरकवा. उजवा. पाट हाय."

नानांनी डोळे मिटल्या मिटल्या पाय सरकवला. "आता?"

"आता बरोबर."

"मग सोड."

धप्प.

बाबाजी म्हणाले, "एकोणीस." घड्याळात साडेदहा झाले होते. जनीकाकूंनी तुळशीकडे तोंड करावं तसं रामेश्वराच्या देवळाच्या दिशेनं तोंड केलं. सदानं झोका घेतला आणि विसाव्या पोफळीवर गेला. नानांनी झोळी झटकली. वर बघितलं. डोळे मिटले. एक, दोन, तीन, चार, पाच.

"सोड रे."

काही आलं नाही.

"सोडतो," वरून सदा म्हणाला. "भावोजी, शोभाला मुलगी झाली."

शोभा म्हणजे त्याची लग्न झालेली मुलगी. नाना डोळे मिटून उभे होते. "कधी?"

"चार वर्सं झाली."

"व्वा. नाव काय?"

"ईश्वरी."

ही सगळी माहिती जनीकाकूंनी नानांना चार वर्षांपूर्वीच दिली होती. बाळंतविडा त्यांच्याच घरून गेला होता. पण नानांनी ती आत्ताच ऐकली असं तोंड केलं.

"कुणावर गेलीय?"

"आमच्या हिच्यावर. नाक मात्र आपल्याकडचं हाय."

"आरं घड!" बाबाजी म्हणाले.

"कापतो, शेठ. अजून कापला न्हाय." सदानं कोयता घडाला लावला. नानांनी पुन्हा वर बघितलं, डोळे मिटले, मोजलं. पाच झाले. "सोड."

"भावोजी, माझ्या डोळ्याचं आपरेशन झालं."

"कुठल्या?"

"डाव्या. अलिबागला. पडदा होता."

"आता दिसतं?"

"दिसतं की. तुमचं टक्कल पडलंय ते हिथनं दिसतंय."

कुंपणावरच्या बायका हसल्या. नानांनी झोळीचं एक टोक सोडून डोक्यावर हात ठेवला. तो बरोबर टकलावर गेला. डोळे मिटलेलेच होते.

मग ते थांबेनात. सदाची म्हैस गेली होती, ते झालं. त्याच्या धाकट्यानं तळोज्याच्या कारखान्यातली नोकरी सोडली, ते झालं. वाटेवरचा फणस कुणी तोडला, त्यावर दोघांचं मत एकच निघालं. अकरा वर्षं साठलेलं सगळं चाळीस फुटांवरून एकेक करून खाली येत होतं. दर थोड्या वेळानं नाना वर बघायचे, डोळे मिटायचे, मोजायचे आणि म्हणायचे, "हं, सोड." आणि वरून वेगळंच काहीतरी यायचं.

पोफळीचे शेंडे हलायला लागले. वारा सुटला होता.

"दिनानाथ," बाबाजी म्हणाले, "वीस म्हंजे वीस."

"व्हय, शेठ. करू की." नानांनी डोळे उघडले. गळ्यातली गाठ सोडली, गोणपाट खाली अंथरलं आणि त्यावर बसले. "सदा, आता हवेत न्हाय जमायचं. खाली ये. फणसाचं काय म्हणत होतास?"

सदा उतरला. घड वरच राहिला. कोयता कमरेला लावून तो बोलत बोलतच नानांजवळ गेला, आणि दोघं वाडीच्या बाहेर पडले. जनीकाकू गोणपाट उचलून मागं गेल्या. मी, बाबाजी आणि दिपेश तिथंच उरलो.

"आता हे काय धरायचं?" दिपेशनं विचारलं. "पास का नापास?"

बाबाजी वर बघत होते. "वीस झाली न्हायत," ते म्हणाले. "एकबी पडला न्हाय आणि वीस झाली न्हायत."

"म्हणजे जाळं लावू?"

"वीस होईपर्यंत जाळं उघडायचं न्हाय. मीच बोललोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला नाना आणि सदा वाडीत हजर झाले. सदा एकविसाव्या पोफळीवर चढला.

"विसावं?" बाबाजींनी विचारलं.

"करू," नाना म्हणाले. "पळून जातंय का ते? मागनं करू. पिकलेलं आधी काढू." आणि झोळी पसरून वर बघायला लागले.

बाबाजींनी दिवसभर खुर्चीत बसून या गोष्टीचा विचार केला. त्या दिवशी पंचवीस झाडं झाली. बाबाजींनी एकही मोजलं नाही, कारण परीक्षा एकविसापासून नव्हती. संध्याकाळी ते मला म्हणाले, "एमे, तू शिकलेली हायस. यातलं तुला काय कळतं?" मला काही कळत नव्हतं. मी तसं सांगितलं.

आता जानेवारी संपत आला आहे. तीनशे बारा पोफळी झाल्या. तीन घड पडले, दोन वाऱ्यानं आणि एक बायका पुन्हा मोजायला लागल्या म्हणून. ते परीक्षेत धरत नाहीत. सदा वरून बोलतो, नाना खालून बोलतात, काम पूर्वीपेक्षा निम्म्या वेगानं होतं. दिपेश दर रविवारी येतो, जाळ्याच्या गुंडाळीवरची धूळ झटकतो आणि वाशीला जातो.

काल मी नानांना सरळ विचारलं. आम्ही त्याच पोफळीखाली उभे होतो. घड पिकून तांबडा झाला होता. दोन सुपाऱ्या आपोआप गळून पाटात पडल्या होत्या.

"नाना, हे कधी करणार?"

त्यांनी वर बघितलं. डोळे मिटले. ओठ हलताना मला दिसले. मी मनात त्यांच्याबरोबर मोजलं, पण माझे पाच त्यांच्या आधी संपले. त्यांनी डोळे उघडले.

"सदा हिथं न्हाय," ते म्हणाले.

सदा चार झाडं पलीकडे होता. शिट्टी वाजवत होता. नाना झोळी गळ्यात बांधत तिकडे गेले.

विसाव्या पोफळीचा घड अजून वरच आहे.